बकरी, रेडा आणि टोरीचं तेल

मनसारामने पोराला बैल आणायला नागपूरला पाठवलं आणि पोरगा फटफटी घेऊन आला. सगळं बिघडलं ते तिथून.

चांद्याच्या परकोटाच्या आत मनसारामची तेलाची घाणी होती. दोन बैल आळीपाळीने तिच्याभोवती फिरायचे. त्यातला एक दसऱ्याला गेला, उरला तो कबऱ्या, तोही म्हातारा. त्याला जोडीदार हवा म्हणून इस्तारीला धाडलं होतं. इस्तारी बैलबाजारात पोचायच्या आधी एका काचेच्या दुकानासमोर उभा राहिला, आणि तिथेच त्याचा निकाल लागला. आत सव्वाशे सीसीची नवी विलायती गाडी उभी होती. हिरवी, लहानशी, एका हाताने उचलून बाजूला ठेवावी अशी. इस्तारीने तिच्या टाकीवरून हात फिरवला, बैलाचे पैसे पहिला हप्ता म्हणून भरले आणि बैल विसरला.

दिवाळीच्या तोंडावर तो ती उडवत घरी आला. मनसारामने गाडीकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून पोराशी बोलणं टाकलं. म्हणजे बोलायचा, पण बैलाशी. "कबऱ्या, त्याले सांग, भाकर झाली." "कबऱ्या, त्याले इचार, पेंड विकली का नाई." इस्तारीही काही कमी नव्हता. तोही कबऱ्याकडे पाहूनच उत्तर द्यायचा. बाप-लेकाच्या मधे बैल बिचारा रवंथ करत उभा असायचा.

इस्तारीचं म्हणणं कोणी ऐकलं असतं तर ते अगदी साधं होतं. कळायला लागल्यापासून तो त्या घाणीभोवती चालत होता. जितकं चालला तितक्यात काशी करून परत आला असता, पण अंगणाबाहेर पडला नव्हता. फटफटीवर बसला की रस्ता सरळ जायचा आणि मागे वळून यायचा नाही. एवढंच सुख. पण त्या सुखासाठी तो जीव द्यायला तयार होता, हेही खरं.

जटपुरा दरवाज्याच्या आत इंदिराबाईचं चहाचं हॉटेल होतं. तिथे रोज संध्याकाळी फटफटीवाल्यांचा दरबार भरायचा. त्या हिवाळ्यात चांद्यात दोनच गाड्या नव्या आल्या होत्या. एक इस्तारीची सव्वाशे, आणि दुसरी शालिकरामची साडेतीनशे. शालिकराम हा एका मालगुजाराचा भाचा, अंगाने धिप्पाड, मनाने बरा, पण आवाज मोठा. त्याची गाडी काळी, भारी, 'धुप् धुप्' करत यायची आणि कपबशा हलवायची. लोकांनी तिला रेडा म्हटलं. मग इस्तारीच्या गाडीला बकरी म्हणणं ओघानेच आलं.

ज्यांच्या घरी सायकलची घंटीसुद्धा नव्हती, तेही मत द्यायचे. कचेरीतला एक कारकून म्हणायचा, गाडी म्हणजे रेडाच. मागे बायको, पुढे तांदळाचं पोतं, तरी चढ चढते. खाणीतला फिटर म्हणायचा, जंगलात रेडा रेतीत रुतला तर काढायला गाव लागेल, बकरी काय, काखेत मारून नाला ओलांडता येतो. कोणी म्हणायचं, बकरीचा आवाज कडाकड, जणू कढईत लाह्या फुटतात. याला काय मर्दाची गाडी म्हणायची? कोणी म्हणायचं, आवाज खाऊन पोट भरतं का, पेट्रोल कोण पितं ते बघा. एक जण तर छातीठोक सांगायचा की सव्वाशेवर दोन माणसं बसली की तिचा कणा मोडतो. त्याने ती जवळून पाहिलीही नव्हती.

शालिकराम या सगळ्यात मिशीवर ताव देत बसायचा आणि शेवटी म्हणायचा, "इस्तारी, बकरी घरी बांधून ठेव लेका. मोहर्लीच्या रस्त्यानं जनावर खाऊन टाकन."

एका संध्याकाळी इस्तारीला ते लागलं. तो म्हणाला, मोहर्लीच काय, म्हणाल तिथे चला, बकरी आधी येईल. शालिकरामने मांडीवर थाप मारली. ठरलं, परवाच्या पहाटे निघायचं, जंगलातल्या मोहर्लीला टेकून परत यायचं, जो आधी जटपुऱ्याच्या दरवाज्यातून आत येईल तो खरा. पंच इंदिराबाई.

नेमका तेव्हाच मनसाराम इंदिराबाईकडे तेल घालायला आला होता. त्याने सगळं ऐकलं. बैल जवळ नव्हता, म्हणून तो चुलीवरच्या केटलीशी बोलला.

"केटली, त्याले सांग. रेड्याच्या आधी बकरी वेशीत आली तर राहू दे म्हना. मी तोंडातून शब्द काढनार नाई. पन नाई आली, तर ते इकाची, बैल आनाचा, अन् जलमभर घानीवर बसाचं."

इस्तारीने केटलीकडे पाहून मान हलवली. त्या मानेत त्याने आपली गाडी, आपला रस्ता, सगळं डावाला लावलं होतं, आणि ते त्याला पुरतं कळलं होतं.

आता या लहान गाडीची एक खोड होती. तिला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागायचं, नाहीतर इंजिन आतून कोरडं पडून जाम व्हायचं. रेड्याला असली नाटकं नव्हती. आणि आदल्या संध्याकाळी इस्तारी पंपावर गेला तर तेलाचा डबा संपलेला. नागपूरहून येणारा डबा गाडीने आलाच नव्हता. इस्तारीने अख्खा चांदा पालथा घातला. कुणाकडे तेल नाही. शालिकरामकडे होतं ते त्याच्या इंजिनातलं, आणि मागायला जीभ वळेना.

घरी आला तर अंगणात घाणीतून टोरीचं तेल गळत होतं. टोरी म्हणजे मोहाच्या फळातली बी. झाडीपट्टीत तिचं तेल दिव्यात जळतं, तळणाच्या कढईत पडतं, अंगाला लागतं, बैलाच्या खांद्याला चोळतात. इस्तारीला वाटलं, तेल ते तेल. आपल्या घाणीचं, ताजं, सोन्यासारखं पिवळं. या तेलावर आपण वाढलो, मग गाडीच तेवढी काय मरते? त्याने पेट्रोलच्या टाकीत ते ओतलं आणि गाडी दोन्हीकडे हलवली. मग किक मारली. गाडी चालू झाली, भुर्रकन फिरून आली, धूर जरा पांढरा सुटला, बस. इस्तारीची छाती फुगली.

मनसाराम कबऱ्याला खरारा करत होता. त्याने हे सगळं पाहिलं. मग बैलाच्या कानापाशी तोंड नेऊन म्हणाला, "कबऱ्या, पुसाचा महिना हाय, थंडीचा. टोरी थिजते. तेल्याच्या घरचं लेकरू बी जानते."

इस्तारीने ऐकलं. पण त्याला वाटलं, टोमणा आहे. दिवाळीपासून टोमणेच ऐकत आलो, त्यात आणखी एक. बैलाशी बोलणं चाललंय तर बैलाने ऐकावं. तो गाडी दाराबाहेर, दवात उभी करून झोपायला गेला.

पहाटे जटपुऱ्याला माणसं जमली होती. कांबळी, घोंगड्या, विड्या. तोंडातून वाफा निघत होत्या. मनसारामही दरवाज्याच्या भिंतीशी कबऱ्याचा दोर धरून उभा होता, जणू बैलाला पाणी पाजायलाच तिकडे आला होता. घरापासून पाणी दुसऱ्या दिशेला होतं, पण हे कुणी त्याला सांगितलं नाही.

शालिकराम हसून म्हणाला, बकरीला आधी सोडा, नाहीतर माझ्या धुळीतच गुदमरेल. इंदिराबाईने केटलीवर पळी मारली आणि इस्तारी निघाला. थोड्या वेळाने मागून पुन्हा पळी वाजली आणि रेडा हंबरला.

पद्मापूरपर्यंत बकरी मजेत गेली. पुढे चांगला रस्ता संपला आणि दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू जवळ आले. गावातली थंडी आणि जंगलातली थंडी यांत फरक असतो. जंगलातली थंडी खोलगटात साचून राहते, पाण्यासारखी. आगरझरीच्या पुढे रस्ता अशाच एका खोलगटात उतरला आणि इस्तारीचे गुडघे बधिर झाले. बकरी खोकली. त्याने मूठ पिळली. ती पुन्हा खोकली, पुढे गेली, मागे ओढली गेली. तेवढ्यात मागून रेडा आला. शालिकराम बाजूने जाताना काहीतरी ओरडला, हात हलवला, आणि धूळ उडवत वळणाआड गेला.

बकरीने आणखी एक उचकी दिली आणि थांबली.

इस्तारीने किक मारली. पुन्हा मारली. आणखी एकदा मारली. मग टाकीचं झाकण उघडून आत डोकावला. टाकीच्या तळाशी तेल थिजून बसलं होतं. पिवळट, गोळ्या गोळ्यांचं, हिवाळ्यातल्या तुपासारखं. टाकीखालची तोटी त्यानेच बुजली होती.

पुसाचा महिना हाय. टोरी थिजते.

लहानपणी तो स्वतःच टोरीच्या तेलाचं मडकं चुलीशी ठेवत असे. थंडीत चुलीपाशी नेल्याशिवाय ते ओतताच यायचं नाही. चांद्यातल्या कुठल्याही कारकुनाने ही चूक केली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. तेल्याच्या पोराने केली. त्याला रडू आलं, लाजेने आणि रागाने. गाडी गेली. रस्ता गेला. आता घाणी, आणि जलमभर तेच अंगण.

पुढे रेड्याचा आवाज चालू होता, 'धुप् धुप्', रेतीतून हळूहळू दूर जाणारा. मग एकदम काहीतरी खरडल्याचा आवाज आला. इंजिन पिसाटासारखं किंचाळलं, जसं चाक हवेत असलं की किंचाळतं, आणि गप्प झालं.

खरं सांगायचं तर इस्तारीला आधी आनंदच झाला. रेडा रुतला नाल्यात. देव आहे म्हणायचा. तो कान देऊन उभा राहिला, आता शालिकराम शिव्या देईल, किक मारेल. पण काहीच ऐकू येईना. मग झाडावरून एक माकड खाकरलं. दुसरं खाकरलं. जंगलाच्या कडेला वाढलेल्या माणसाला ते खाकरणं सांगावं लागत नाही. माकड असं खाकरतं ते खाली जनावर दिसलं की. जंगलात त्याचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात.

इस्तारीने आल्या रस्त्याकडे पाहिलं. मागे फिरावं, आगरझरीला धावत जावं, माणसं आणावीत, असं त्याला वाटलं. तेवढ्यात पुढून हाक आली, दबलेली, एकदाच. "इस्तारी."

शालिकरामचा आवाज इतका लहान असू शकतो हे त्याला माहीत नव्हतं. रस्ता उताराचा होता. त्याने बकरीला धरलं आणि ढकलत निघाला. बंद गाडी कशाला नेतो आहे हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. लोखंड का होईना, सोबत हवी होती.

नाल्याच्या काठाशी तो थांबला. नाल्यात पाणी नव्हतं, नुसती रेती. अलीकडच्या उतारावर रेडा आडवा पडला होता आणि शालिकरामचा डावा पाय त्याच्याखाली होता. धुराची तापलेली नळी पोटरीला टेकली होती; कापड जळाल्याचा वास येत होता, आणि नुसत्या कापडाचाच नाही. शालिकरामचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण तो कण्हत नव्हता. तो पलीकडे पाहत होता.

"हलू नको," शालिकराम ओठांतल्या ओठांत म्हणाला. "पल्याड पाह्य."

पलीकडच्या काठावर, बांबूच्या बेटाखाली, वाघ बसला होता. त्याच्या पुढ्यात अर्धं खाल्लेलं ढोर होतं. गाऱ्यावरचा वाघ, म्हणजे आपल्या शिकारीवर बसलेला. अशा वेळी तो जागचा सहज उठत नाही, आणि कोणी जवळ आलेलं त्याला खपतही नाही. वळण घेताच शालिकरामला तो दिसला, त्याने उतारावर ब्रेक मारला, रेतीत चाक सरकलं, आणि एवढी भारी गाडी त्याच्याच अंगावर आली. चूक गाडीची नव्हती. त्या जागी कोणीही ब्रेकच मारला असता.

इस्तारीने बकरी उभी केली, वाकत वाकत खाली उतरला आणि रेड्याच्या हँडलला हात घातला. जोर लावला. रेडा जरासा उचलला गेला आणि लोखंड दगडावर करकरलं. त्यासरशी वाघ उभा राहिला. असा काही गुरगुरला की तो आवाज पायांतून वर आल्यासारखा वाटला. इस्तारीच्या हातातून हँडल सुटलं. रेडा पुन्हा खाली बसला आणि शालिकरामने स्वतःचा पंजा दातात धरला.

वाघ खाली बसला, पण आता तोंड त्यांच्याकडे करून. शेपटीचं टोक हलत होतं.

"मी आगरझरीले जातो, मानसं आनतो," इस्तारी कुजबुजला.

"नको." शालिकरामने त्याच्या धोतराचा सोगा धरला. "मले सोडून जाऊ नको. थो उठन. तुही गाडी चालू कर. आवाजानं जाइन."

आता आली का पंचाईत. ज्या आवाजाला चांद्यात लाह्या म्हणून हसले, तोच आवाज हवा होता, आणि तो टोरीच्या तेलाने टाकीत बुजून टाकला होता. जाळ करून टाकी तापवावी तर रेड्यातून पेट्रोल ठिबकत होतं, आणि शालिकराम त्या पेट्रोलातच पडला होता. एक ठिणगी पुरली असती.

इस्तारी बकरीपाशी आला. वाघाकडे पाठ करायची नाही म्हणून तिच्या मागच्या अंगाला बसला. टाकीखालची तोटी हाताने सैल केली, काढली आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला. आतली बारीक जाळी थिजलेल्या तेलाने भरून गेली होती. त्याने ती सदऱ्याच्या टोकाने पुसली, पण आत शिरलेलं निघेना. त्याला आपली मेलेली आई आठवली. थंडीत डोक्याला लावायचं तेल ती काखेत धरून बसायची आणि गप्पा मारता मारता ते पातळ व्हायचं. काखेने इथे भागणार नव्हतं. त्याने ती पितळी तोटी तोंडात घातली.

पेट्रोलने जीभ भाजली. त्यात टोरीचा कडूपणा मिसळला. पोटातून उलटी वर आली, ती त्याने गिळली. उलटीचा आवाज परवडणारा नव्हता. मग सदरा वर करून उघडं पोट थंडगार टाकीवर टेकलं आणि तिला दोन्ही हातांनी मिठी मारली, आजारी लेकराला धरतात तशी. नजर वाघावर. वाघाची नजर त्याच्यावर. मधे रेतीत शालिकराम डोळे मिटून पडलेला, ओठ हलत होते, कुठल्या देवाचं नाव घेत होता कोण जाणे.

किती वेळ गेला हे इस्तारीला कधीच सांगता आलं नाही. सागाच्या शेंड्यांवरून ऊन खाली उतरलं आणि त्याच्या पाठीला लागलं, एवढं त्याला कळलं. टाकीच्या आत काहीतरी डुचमळलं. त्याने तोंडातली तोटी काढून पाहिली. जाळी मोकळी झाली होती. बोळा काढून त्याने ती जागेवर बसवली. गाडी हळूहळू हलवली, पेट्रोल खाली उतरू दिलं.

पहिल्या किकेला वाघ उठला. त्याने दोन पावलं रेतीत टाकली. शालिकराम डोळे उघडून पाहू लागला आणि त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. इस्तारीला थांबता येत नव्हतं. थांबला तर सगळं तिथेच संपत होतं. त्याने मनातल्या मनात म्हटलं, बकरे, तुझ्या पाया पडतो, आणि सगळं अंग पायावर टाकलं.

बकरी पेटली. मूठ पिळताच तिने असा कडकडाट केला की नाल्याचे दोन्ही काठ त्याने भरून गेले. मागून पांढराफेक धूर सुटला आणि त्या जंगलात कोणीतरी पुऱ्या तळायला घेतल्यासारखा वास पसरला. वाघ थबकला. त्याने नाक वर केलं, तोंड वाकडं केलं. असली भानगड त्याच्या बापजाद्यांनी पाहिली नव्हती. मग घाई नाही, गडबड नाही, तो वळला आणि बांबूत शिरला.

तो गेला, की नुसता आड झाला, हे पाहायला दोघांनाही वेळ नव्हता. इस्तारीने बकरी तशीच कडकडत ठेवली, पडलेला एक जाड बांबू ओढून आणला आणि रेड्याखाली घातला.

"ओढ पाय. ओढ म्हन्तो ना, तू," तो ओरडला. शालिकभाऊला त्याने जन्मात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. शालिकरामने पाय ओढला. घोट्याच्या वर तो नको तिथे वाकला होता.

रेडा तिथेच टाकून शालिकरामला त्याने बकरीवर मागे बसवलं. कणा मोडणार म्हणून सांगणारा तो माणूस तिथे असता तर त्याला बरं वाटलं असतं; गाडी खाली बसली, स्प्रिंगा कुरकुरल्या. पण मोडली नाही. थोडं गेल्यावर मात्र पुन्हा खोकू लागली. सावलीत तेल परत थिजत होतं. तेव्हा शालिकरामने मागून दोन्ही हात पुढे घातले, इस्तारीच्या मांडीखालून नेले, आणि ती पितळी तोटी आपल्या भल्यामोठ्या पंजांत धरली. चांद्यापर्यंत सोडली नाही.

तोटी ऊब धरत होती, पण इस्तारीची भीती गेली नव्हती. टोरी थिजून टाकीत बसली, म्हणजे इंजिनाला तेल मिळत नव्हतं. आतला आवाज बदलला होता. कडकड जाऊन कोरडी करकर सुरू झाली होती. उतार आला की तो क्लच दाबून गाडी नुसती घरंगळू द्यायचा. जाम झाली तर रस्त्यात हा माणूस पाठीवर घेऊन चालावं लागेल, आणि गाडीही जाईल. एकाच इंजिनावर दोघांचं सगळं होतं.

पद्मापूर मागे पडलं तसा शालिकराम त्याच्या पाठीवर डोकं टेकून बोलला. "इस्तारी, शीट लई कडक हाय रे तुह्या बकरीची."

"उतरतो का?"

"नाई," शालिकराम म्हणाला. "मत देऊन राह्यलो."

जटपुऱ्याचा दरवाजा दिसला. वर लोक चढून बसले होते. दोघं एकाच गाडीवर पाहून गलका उठला आणि मग पाय पाहून थांबला. दरवाजा अगदी समोर आला, कमानीची सावली दिसायला लागली, आणि बकरीच्या पोटात काहीतरी कचकन चावलं. मागचं चाक अडकलं. गाडी घसरत गेली आणि दरवाज्याच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला, थांबली. इंजिन जाम झालं होतं.

लोकांनी शालिकरामला खाटेवर घातलं आणि दवाखान्याकडे नेलं. जाताना तो ओरडून काहीतरी सांगत होता, पण गर्दीत ऐकू आलं नाही. मागे इस्तारी राहिला, बकरीचं हँडल धरून, दरवाज्याबाहेर. लोकांचं चर्चासत्र लगेच सुरू झालं. कोणी म्हणाला, आली म्हणायची. कोणी म्हणाला, आली कुठे, वेशीच्या बाहेर आहे. शालिकरामचा पाय पाहिल्यावर मोहर्लीचं नाव मात्र कोणी काढलं नाही. इंदिराबाई पळी हातात घेऊन उभी होती. ती पंच होती, आणि पंचाला वेशीच्या बाहेरचं आत करता येत नव्हतं. इस्तारीने मान वर केली नाही. त्याचं सगळं त्या चार हात मातीत अडलं होतं, आणि अंगात ढकलायचं बळ नव्हतं. ढकलू पाहिलं तर गाडी हलली नाही.

मनसाराम भिंतीपासून निघाला आणि कबऱ्याला घेऊन आला. सकाळपासून तो तिथेच उभा होता. त्याने टाकीचं झाकण उघडलं, बोट घातलं, हुंगलं. इस्तारीच्या भाजलेल्या ओठांकडे पाहिलं. सगळे वाट पाहत राहिले की आता म्हातारा बैलाला काय सांगतो.

"इस्तारी," मनसाराम म्हणाला.

दिवाळीपासून ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"टोरी थिजते हे तुले मालूम नवतं?"

"होतं बा," इस्तारी म्हणाला. "तू कबऱ्याले सांगतलं थेबी मी आयकलं होतं."

मनसारामचा हात बैलाच्या पाठीवर तिथेच राहिला. मग तो हळू म्हणाला, "बैलाले काऊन सांगतलं मी. तुले सांगाले पाह्यजे होतं."

इस्तारीला नाल्यात वाघासमोर आलं नव्हतं ते रडू आता आलं. त्याने ते लपवलं नाही.

मनसारामने कबऱ्याच्या गळ्यातला दोर सोडला आणि त्याचं एक टोक बकरीच्या हँडलला बांधलं. दुसरं बैलाच्या खांद्यावरून घेतलं. गर्दीतून कोणीतरी कुरकुरलं की हे नियमात बसत नाही. मनसारामने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"रेडा अजून जंगलात हाय," तो पोराला म्हणाला. "क्लच का काय थे दाब. चाकं मोकळी होऊ दे."

इस्तारीने क्लच दाबला. मनसारामने बैलाला आवाज दिला. कबऱ्याने एकदा मागे वळून त्या हिरव्या जनावराकडे पाहून घेतलं, मान खाली घातली आणि ओढलं. बाप पुढे, बैल मधे, लेक मागे, असे ते कमानीखालून आत आले.

रेडा दुसऱ्या दिवशी आला, आगरझरीच्या एका बैलगाडीत आडवा पडून. पण त्याची वाट कोणी पाहिली नाही. बकरी कमानीतून आत आली त्याच क्षणी इंदिराबाईने केटलीवर पळी मारून निकाल दिला होता.